मदरबोर्ड बदलला, परवान्याचं काय?

घरी असेंबल केलेला कॉम्प्युटर तुकड्यातुकड्यानं जुना होतो. आधी रॅम कमी पडते, मग हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी येते, पुढे कधीतरी ग्राफिक कार्ड बदलतं. अशी मलमपट्टी काही वर्षं चालते आणि शेवटी प्रोसेसरपाशी येऊन अडते. नवा प्रोसेसर जुन्या सॉकेटात बसत नाही, म्हणून मदरबोर्ड नवा घ्यायचा. नव्या मदरबोर्डला डीडीआर-५ लागते, म्हणून रॅमही नवी. कॅबिनेट, मॉनिटर, की-बोर्ड आणि नशिबानं साथ दिली तर एसएमपीएस, एवढंच जुनं उरतं. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा गावातल्या ओळखीच्या दुकानातून कोटेशन येतं. त्यात सगळ्यात खाली एक ओळ असते, विंडोजची. कुणी तिथे किंमत लिहितं, कुणी तोंडीच सांगतं, ‘‘विंडोज टाकून देतो, त्याची काळजी करू नका.’’

काळजी मात्र करायला हवी. गिऱ्हाइकानं जुन्या कॉम्प्युटरच्या वेळी विंडोजचे पैसे मोजले असतील, तर तेच विंडोज नव्या कॉम्प्युटरवर का नेता येऊ नये, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. अलीकडे तर तो घरोघरी पडू लागला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०ला दिला जाणारा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही ठरावीक यादीतलाच लागतो. त्यामुळे उत्तम चालणारे कितीतरी कॉम्प्युटर एका फटक्यात निकालात निघाले आणि ज्यांना बदलायची घाई नव्हती त्यांनाही नव्या मदरबोर्डची किंमत विचारावी लागली.

उत्तर थोडक्यात असं : तुमचा परवाना रिटेल असेल तर तो नेता येतो, ओईएम असेल तर नेता येत नाही. अडचण इतकीच की आपल्याकडे यांतला कोणता आहे, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

रिटेल म्हणजे खोका विकत घेऊन किंवा मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन दुकानातून सुटं घेतलेलं विंडोज. त्याच्या करारात स्पष्ट लिहिलेलं आहे की ते तुम्ही स्वतःच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर हलवू शकता, फक्त दर वेळी आधीच्या कॉम्प्युटरवरून ते काढून टाकायला हवं. एकच परवाना दोन यंत्रांवर आळीपाळीनं वापरायलाही मनाई आहे. ओईएम परवाना मुळात कॉम्प्युटर बनवणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या कंपन्या कारखान्यातच विंडोज भरून कॉम्प्युटर विकतात, ते याच परवान्यावर. सुटे भाग जोडून देणाऱ्या छोट्या दुकानदारांसाठी याचीच ‘सिस्टम बिल्डर’ नावाची आवृत्ती निघते. ती रिटेलपेक्षा स्वस्त असते आणि नव्या कॉम्प्युटरसोबत विकण्यासाठी असते. असेंबल्ड पीसीसोबत बिलावर ‘ओरिजिनल विंडोज’ लिहून जे मिळतं ते पुष्कळदा हेच असतं. ते खरोखर ओरिजिनल असतं, पण ज्या यंत्रावर पहिल्यांदा चढलं त्याच यंत्राचं होऊन राहतं. यंत्र विकलं तर त्याच्यासोबत नव्या मालकाकडे जातं, यंत्र भंगारात गेलं तर तेही जातं. ओईएम म्हणजे गाडीचं आरसी बुक, रिटेल म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स. पहिलं गाडीसोबत जातं, दुसरं माणसासोबत.

तिसरा प्रकार संस्थांचा, म्हणजे व्हॉल्यूम परवान्याचा. ऑफिस, कॉलेज, बँक यांनी घेतलेला हा परवाना त्या संस्थेचा असतो आणि कर्मचाऱ्याला तो घरी नेता येत नाही. त्याच्याकडे पुढे पुन्हा वळावं लागेल, कारण स्वस्तातल्या चाव्यांचा (म्हणजे ‘प्रॉडक्ट की’चा) बराचसा बाजार या प्रकाराभोवती उभा आहे.

ओईएमच्या बाबतीत लगेच शंका येते, कॉम्प्युटर म्हणजे नेमकं काय? रॅम बदलली, एसएसडी बदलली, तर तो तोच कॉम्प्युटर राहतो का? मायक्रोसॉफ्टनं दुकानदारांना दिलेलं उत्तर सरळ आहे. मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटर. बाकी सगळं बदला, परवाना टिकतो. मदरबोर्ड नादुरुस्त झाला म्हणून त्याच प्रकारचा दुसरा बसवला, तरीही टिकतो. पण जास्त वेगाचा प्रोसेसर हवा म्हणून स्वखुशीनं मदरबोर्ड बदलला, तर तो हिशेबानं नवा कॉम्प्युटर ठरतो आणि त्याला नवा परवाना लागतो. मला विचाराल तर कमी पैशात मर्यादित हक्क देण्यात गैर काही नाही. घेणाऱ्याला ती मर्यादा न सांगणं हे मात्र शंभर टक्के गैर आहे, आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं तेच चालत आलं आहे.

हे सगळं इतकं गुंतागुंतीचं का झालं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. एकेकाळी सॉफ्टवेअरला वेगळी किंमतच नव्हती. आयबीएमचा अवाढव्य कॉम्प्युटर घेतला की त्यासोबत प्रोग्राम आणि मदतीला माणसं यायची. २३ जून १९६९ रोजी आयबीएमनं जाहीर केलं की यापुढे प्रोग्राम आणि सेवा यांचे पैसे वेगळे लागतील. सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकायची वस्तू आहे, या कल्पनेला तिथून बळ मिळालं. गंमत म्हणजे घरगुती कॉम्प्युटरवरचं पहिलं गाजलेलं भांडणही सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवणाऱ्यांशीच झालं. १९७५ साली अल्टेअर ८८०० नावाचा कॉम्प्युटर सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकायला आला. त्यावर बेसिक ही भाषा चालवणारा प्रोग्राम बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी तयार केला. कागदी फितीवर भोकं पाडून साठवलेला तो प्रोग्राम हौशी मंडळींनी धडाधड कॉपी केला. ३ फेब्रुवारी १९७६ ही तारीख असलेलं गेट्स यांचं हौशी लोकांना उद्देशून लिहिलेलं उघड पत्र प्रसिद्ध आहे. अल्टेअरच्या मालकांपैकी १० टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतलं, अशी तक्रार त्यांनी त्यात केली होती. आज आपण जी पंचवीस अक्षरांची चावी टाकतो, तिच्यामागे हा जुना राग आहे.

पुढे मायक्रोसॉफ्टनं शहाणपणाचा मार्ग धरला आणि पैसे एकेका गिऱ्हाइकाकडून मागण्याऐवजी कॉम्प्युटर बनवणाऱ्यांकडून घेतले. एका टप्प्यावर तर कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीनं जितके कॉम्प्युटर विकले तितक्यांचे पैसे द्यायचे, त्यावर विंडोज असो वा नसो, असे करार होते. १९९४ साली अमेरिकी सरकारच्या न्याय खात्याशी झालेल्या तडजोडीत ते करार बंद करावे लागले. यंत्रासोबत स्वस्त आणि यंत्राशी जखडलेला ओईएम परवाना मात्र राहिला. जगातलं बहुतेक विंडोज आजही त्याच वाटेनं लोकांच्या घरात येतं.

त्या काळात पहारा किती ढिला होता, याचा नमुना विंडोज ९५मध्ये दिसतो. त्याच्या रिटेल सीडीची चावी तीन अंक, मध्ये रेघ आणि सात अंक अशी होती. शेवटच्या सात अंकांच्या बेरजेला सातानं भाग गेला की विंडोजचं समाधान व्हायचं. सगळीकडे १ भरला तरी चालायचं, कारण सात एकांची बेरीज सात. तपासणी कॉम्प्युटरच्या आतच संपायची, बाहेर कुणाला विचारायची सोय नव्हती. तेव्हा विंडोज एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणं म्हणजे सीडी उचलून शेजारच्या टेबलावर नेणं एवढंच होतं.

ऑक्टोबर २००१मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि हे चित्र पालटलं. आता विंडोज चढवल्यावर ३० दिवसांच्या आत मायक्रोसॉफ्टकडे नोंद करणं भाग पडलं. चावीसोबत यंत्राची खूणही पाठवली जायची. ही खूण दहा गोष्टींवरून काढत : प्रोसेसरचा प्रकार आणि त्याचा क्रमांक, रॅम साधारण किती, ग्राफिक कार्ड, हार्ड डिस्क, डिस्कच्या विभागाचा क्रमांक, सीडी ड्राइव्ह, डिस्क जोडणारी दोन नियंत्रक सर्किटं आणि नेटवर्क कार्डाचा पत्ता. प्रत्येकीचं रूपांतर अगदी छोट्या अंकात केलं जाई. त्या अंकावरून मूळ भाग कोणता होता, हे उलट शोधता येत नसे. त्याच वर्षी एका जर्मन कंपनीनं ही पद्धत उकलून तिचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यातून काय पाठवलं जातं याची लोकांची भीतीही बरीच कमी झाली.

कॉम्प्युटर सुरू होताना एक्सपी या दहा गोष्टी पुन्हा तपासायचं आणि मनातल्या मनात मतमोजणी करायचं. नेटवर्क कार्ड तेच असेल तर त्याला तीन मतं, बाकी प्रत्येक भाग तोच असेल तर त्याला एक मत. सात मतं पडली की हा तोच कॉम्प्युटर. म्हणजे नेटवर्क कार्ड कायम असेल तर बाकीचे पाच भाग बदलले तरी विंडोज गप्प राही, सहावा बदलला की पुन्हा नोंदणी मागे. नेटवर्क कार्डही बदललं असेल, तर एकूण चार बदल पुरत. ही रचना मला आजही आवडते. एखाददुसरा भाग बदलणाऱ्या माणसाला त्रास होऊ नये आणि यंत्रच बदललं तर लक्षात यावं, या दोन्ही गोष्टी त्यात सांभाळल्या होत्या. पुढे नेटवर्क कार्ड मदरबोर्डवरच येऊ लागलं. मग मदरबोर्ड बदलणाऱ्याची तीन मतं एका झटक्यात जायची. डिस्क जोडणारी सर्किटं त्यावरच असल्यामुळे तीही जायची, आणि प्रोसेसर वेगळा असेल तर आणखी.

असेंबल करणाऱ्यांच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग २००६च्या ऑक्टोबरात घडला. विंडोज व्हिस्टा बाजारात यायचं होतं आणि त्याचा करार आधी जाहीर झाला. त्यात रिटेल परवाना दुसऱ्या यंत्रावर फक्त एकदाच नेता येईल, असं कलम होतं. दर दीड-दोन वर्षांनी मदरबोर्ड बदलणारे हौशी लोक खवळले. पूर्ण किंमत मोजून घेतलेला परवाना दुसऱ्या बदलानंतर रद्दी होणार होता. त्यांनी इतका आवाज उठवला की २ नोव्हेंबरला मायक्रोसॉफ्टनं कलम बदललं : जुन्या यंत्रावरून काढा आणि नव्यावर चढवा, कितीही वेळा. व्हिस्टा सामान्य गिऱ्हाइकांना मिळू लागलं ते ३० जानेवारी २००७ रोजी, म्हणजे हे जाचक कलम दुकानात पोचायच्या आतच मोडीत निघालं. आज आपण रिटेल परवाना बेधडक हलवतो, तो हक्क त्या काही आठवड्यांच्या भांडणातून पक्का झाला आहे. करार कोण वाचतं, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा.

२०१२ साली विंडोज ८सोबत ओईएमची चावी स्टिकरवरून थेट मदरबोर्डमध्ये गेली. कंपन्यांच्या कॉम्प्युटरमध्ये ती बोर्डावरच्या फर्मवेअरच्या एका कोष्टकात लिहिलेली असते. विंडोज चढवताना ती आपोआप वाचली जाते, कुणाला काही टाकावं लागत नाही. सोय मोठी झाली. पण बोर्ड जळला की चावीही त्यासोबत गेली, आणि एसएसडी काढून दुसऱ्या यंत्रात लावली तर चावी मागेच राहते.

विंडोज १०नं आणखी एक बदल केला. २९ जुलै २०१५ रोजी ते आलं तेव्हा विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांना वर्षभर फुकट मिळालं. या लोकांना नवी चावी दिलीच नाही. त्यांच्या यंत्राची खूण मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदवून ठेवली, हाच त्यांचा परवाना. याला डिजिटल लायसन्स म्हणतात. त्यामुळे विंडोज पुसून पुन्हा चढवलं तरी सर्व्हर यंत्राला ओळखतो. पण मदरबोर्ड बदलला की सर्व्हरच्या लेखी ते यंत्र अनोळखी होतं, आणि दाखवायला चावीही हातात नसते. हा घोळ ऑगस्ट २०१६च्या सुधारणेत सोडवला गेला. डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडायची सोय आली आणि मदरबोर्ड बदलल्यावर खात्यावरून परवाना मागता येऊ लागला.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सगळ्यात महत्त्वाचं काम जुना कॉम्प्युटर अजून सुरू होत असतानाच करायचं आहे, स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी. कमांड प्रॉम्प्ट उघडा. तिथे इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर ही अक्षरं, एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि डी-एल-आय असं टाइप करून एंटर दाबा. क्षणभरानं एक लहानशी खिडकी येते. तिच्यात ‘डिस्क्रिप्शन’च्या ओळीत शेवटी रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द असतो. तुमचा परवाना कोणत्या वाटेनं आला, ते इथे कळतं. त्याखाली चावीची शेवटची पाच अक्षरं दिसतात, तीही लिहून घ्या.

इथे एक चकवा आहे. ही पाच अक्षरं ‘३व्ही६६टी’ किंवा ‘८एचव्हीएक्स७’ अशी असतील, तर ती तुमची खास चावी नव्हेच. पहिली प्रो आवृत्तीची, दुसरी होमची, आणि डिजिटल लायसन्स असलेल्या असंख्य कॉम्प्युटरवर तीच आढळते. अशा वेळी ‘रिटेल’ हा शब्द दिसला तरी हुरळून जाऊ नये. मूळ विंडोज ७ ओईएम असेल आणि त्यावरून फुकटात १०वर आला असाल, तरी इथे रिटेलच दिसतं. चावी शोधून देणारे फुकट प्रोग्रामही अशा वेळी हीच सार्वजनिक चावी दाखवतात, आणि ती कागदावर उतरवून घेणाऱ्याची पुढे फसगत होते. खरा पुरावा म्हणजे जुनं बिल, खोका किंवा खरेदीचा ई-मेल.

मग सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन या क्रमानं जा. डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडलेलं आहे, असं तिथे लिहिलेलं दिसायला हवं. नसेल तर ॲडमिनिस्ट्रेटर असलेल्या खात्यातून ते जोडून घ्या. आवृत्ती होम आहे की प्रो, हेही टिपून ठेवा, कारण होमची चावी प्रोला चालत नाही.

आणखी एक गोष्ट परवान्याची नाही, पण तिच्यापायी लोकांचे फोटो आणि हिशेब गेले आहेत, म्हणून इथेच सांगतो. अनेक कॉम्प्युटरवर डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असते आणि बऱ्याच मालकांना याचा पत्ताही नसतो. त्या कुलपाची किल्ली टीपीएमच्या हवाली असते. जुनी डिस्क नव्या मदरबोर्डला लावली की निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर आतलं एक अक्षरही वाचता येत नाही. ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा आहे का ते आधी पाहा आणि कागदावर लिहून घ्या. परवाना गेला तर पैसे जातात, ही की गेली तर आईवडिलांचे फोटो जातात.

नव्या कॉम्प्युटरवर विंडोज कोरं चढवणं चांगलं. चढवताना चावी विचारली जाते, तेव्हा ‘माझ्याकडे चावी नाही’ हा पर्याय निवडता येतो. विंडोज तरीही पूर्ण चढतं आणि चालतं. फक्त पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली ॲक्टिव्हेट करण्याची पुसट ओळ राहते आणि वॉलपेपर, रंग वगैरे बदलण्याची सेटिंग्ज बंद असतात. म्हणजे घाई करायचं कारण नाही. सगळे भाग नीट चालतात याची खात्री करून मग परवान्याला हात घालावा, नाहीतर सदोष मदरबोर्ड परत करताना पुन्हा तोच उद्योग करावा लागतो.

रिटेल चावी असेल तर आधी जुन्या यंत्रावरून ती काढा. वर सांगितलेल्या आज्ञेतच शेवटी डी-एल-आयच्या जागी यू-पी-के टाकलं की चावी निघते. मात्र ही आज्ञा फक्त त्या यंत्रापुरती काम करते, सर्व्हरकडे ‘आता ही चावी मोकळी झाली’ असा निरोप जात नाही. म्हणूनच नव्या यंत्रावर चावी टाकल्यावर कधीकधी ‘ही चावी दुसरीकडे वापरात आहे’ अशा अर्थाची चूक दिसते. घाबरून जाऊन लगेच नवा परवाना विकत घेऊ नये. चावी टाकताना २५ अक्षरं नीट बघावीत. तिच्यात इंग्रजी स्वर नसतात. ओ-शून्य, आय-एक आणि एस-पाच या फसव्या जोड्याही वगळलेल्या आहेत. पण ८ आणि बी मात्र दोन्ही आहेत, आणि चूक हमखास तिथेच होते.

डिजिटल लायसन्स असेल तर नव्या यंत्रावर त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यानं आत या, ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूटर चालवा आणि ‘आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रिसेंटली’ ही ओळ निवडा. खात्यावरच्या कॉम्प्युटरांची यादी येते. त्यातला जुना कॉम्प्युटर निवडून ‘हाच मी आता वापरतो आहे’ असं सांगायचं. बरेचदा एवढ्यावर काम होतं. यादीत सगळ्यांची नावं डेस्कटॉप या शब्दापुढे अगम्य अक्षरं अशीच दिसतात, म्हणून जुन्या कॉम्प्युटरला आधीच ओळखू येईल असं नाव देऊन ठेवलं तर गोंधळ टळतो. आवृत्ती वेगळी असेल, जुन्यावर विंडोज कधीच ॲक्टिव्हेट झालेलं नसेल किंवा याआधी बऱ्याच वेळा हे केलं असेल, तर मात्र नकार येतो.

शेवटचा मार्ग फोनचा. एस-एल-यू-आय ही अक्षरं, मोकळी जागा आणि ४ असं टाइप केलं की देश निवडायची खिडकी येते आणि मग पडद्यावर नऊ गटांत ६३ अंक उमटतात. तुमच्या चावीचा आणि तुमच्या यंत्राचा हा एकत्रित सांकेतिक क्रमांक. तो कळवला की उत्तरादाखल ४८ अंक मिळतात, ते आठ चौकटींत भरायचे. एक्सपीच्या काळापासून ही सोय फोनवर चालत आली, अलीकडे मायक्रोसॉफ्ट लोकांना त्यासाठी वेबकडे वळवते आहे. विंडोज किती यंत्रांवर आहे, असं विचारतात. जुन्यावरून खरोखर काढलं असेल तर ‘एकाच’ हे उत्तर खरं आहे आणि ते ठामपणे द्यावं. हा तुमचा करारातला हक्क आहे, त्यात उपकार मागण्यासारखं काही नाही.

ज्यांच्याकडे विंडोज ७ किंवा ८चा जुना रिटेल खोका कपाटात जपून ठेवलेला आहे, त्यांच्यासाठी वाईट बातमी अशी की सप्टेंबर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्या चाव्यांवर नवं विंडोज चालू करायची वाट बंद केली. विंडोज १०ची रिटेल चावी मात्र ११ला चालते.

ओईएमचा नियम सगळ्या देशांत सारखा टिकलेला नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २००० साली निकाल दिला की ओईएम प्रत एकदा बाजारात आल्यावर ती कॉम्प्युटरशिवाय सुटी विकू नका, असं बंधन मायक्रोसॉफ्ट त्रयस्थ विक्रेत्यावर लादू शकत नाही. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय महासंघाच्या न्यायालयानं ओरॅकलच्या खटल्यात आणखी पुढे जाऊन सांगितलं की डाउनलोड करून कायमसाठी घेतलेलं सॉफ्टवेअरही मालकाला पुढे विकता येतं, अट इतकीच की त्यानं स्वतःची प्रत निकामी करावी. भारतात सर्वोच्च न्यायालयानं २ मार्च २०२१ रोजी सॉफ्टवेअरच्या विक्रीवर मोठा निकाल दिला, पण तो आयकराबद्दल होता. अशा खरेदीत घेणाऱ्याला कॉपीराइटमधला वाटा मिळत नाही, तो वापरायची प्रत घेतो, असं त्यात म्हटलं आहे. ओईएम परवाना यंत्रापासून वेगळा करता येतो का, हा प्रश्न तिथे नव्हता. म्हणून युरोपातल्या निकालांचा दाखला देत इथे कुणी ओईएम चाव्या सुट्या विकत असेल, तर त्यावर विसंबू नये.

राहिला तो स्वस्तातल्या चाव्यांचा बाजार. काही शे रुपयांत ‘आयुष्यभराची’ विंडोज चावी मिळते, तेव्हा ती बहुधा कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम परवान्यातून गळालेली असते. त्यातला एक प्रकार ठरावीक संख्येनं यंत्रं चालू करतो. मर्यादा संपली किंवा गळती उघड झाली की ती चावी बंद केली जाते आणि पैसे घेणारा तोवर गायब झालेला असतो. दुसऱ्या प्रकारात संस्थेचा स्वतःचा सर्व्हर किमान २५ कॉम्प्युटरांची हजेरी घेऊन प्रत्येकाला १८० दिवसांची मुदत देतो. ‘विंडोज टाकून देतो’ म्हणणारे काही लोक या सर्व्हरचं सोंग घेणारा प्रोग्राम तुमच्या कॉम्प्युटरवर बसवतात. तो बसवण्याआधी अँटीव्हायरस बंद करायला लावतात, आणि त्यानंतर त्या प्रोग्रामच्या पोटात आणखी काय आहे, हे मालकाला कळायचा मार्ग उरत नाही. ज्या कॉम्प्युटरवरून आपण बँकेचे व्यवहार करतो, त्यावर असा पाहुणा बसवून घेणं हा निव्वळ वेडेपणा आहे. पैसे वाचवायचेच असतील तर उबुंटू किंवा लिनक्स मिंट चढवावं. ते फुकट आहे, अधिकृत आहे, आणि मदरबोर्ड हवा तितक्या वेळा बदला, परवान्याचा प्रश्नच येत नाही.

विंडोजच हवं असेल तर माझी एवढीच विनंती आहे. नव्या कॉम्प्युटरचं कोटेशन हातात आलं की त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून दुकानदाराला विचारा, हे रिटेल आहे की ओईएम? मदरबोर्ड येत्या पाच-सात वर्षांत बदलणार नसाल तर ओईएम घ्या, पैसे वाचतील. पुन्हा पुन्हा बदलण्याची हौस असेल तर रिटेलला चार पैसे जास्त मोजा, ते वसूल होतील. आणि जे घ्याल त्याचा प्रकार बिलावर त्याच्या हस्ताक्षरात लिहून घ्या. जो दुकानदार लिहून द्यायला कुरकुर करेल, त्याच्याकडून विंडोज घेऊ नका.